पहिल्या चुकीचा रकाना

अर्ज हा मराठीतला सर्वांत जास्त लिहिला जाणारा आणि सर्वांत कमी वाचला जाणारा वाङ्मयप्रकार आहे. माझी तीसेक वर्षे बँकेत अर्ज वाचण्यात गेली, म्हणून हे थोड्या अधिकाराने सांगतो. ‘विनंतीपूर्वक अर्ज सादर करतो ऐसा जे’ अशी सुरुवात होते, मग घरच्या आजारपणाचा नाहीतर लग्नकार्याचा एक परिच्छेद येतो, आणि खरी गोष्ट शेवटून दुसऱ्या ओळीत दडलेली असते. दंडव्याज माफ करण्याच्या अर्जात ती ओळ बहुधा अशी असे : ‘आजपावेतो माझा एकही हप्ता थकलेला नाही, हे आपले रेकॉर्डवरून दिसून येईल.’ चांगला शाखाधिकारी प्रथम ती ओळ वाचायचा, लेजरचे पान उलटून खातरजमा करायचा आणि मग आजारपणाकडे वळायचा.

निवृत्तीनंतर मी मांजरीत स्थायिक झालो आणि टेबलाच्या या बाजूला आलो. लेखक आहे, शिवाय बँकेतला, असे कळल्यावर लोक अर्ज लिहून घ्यायला येतात. गुंठेवारीचे, नळजोडाचे, पेन्शनचे. २०२१च्या जूनअखेर मांजरी बुद्रुक महापालिकेत गेले, तेव्हापासून कामाला बरकत आहे. पण अलीकडे एक नवा प्रकार वाढला आहे, तो म्हणजे वाहनाच्या वेगाबद्दल आलेल्या पहिल्यावहिल्या दंडाचा.

आमच्या भागातल्या एका निवृत्त मुख्याध्यापकांचे उदाहरण घेऊ. सगळे त्यांना गुरुजीच म्हणतात. चाळीस वर्षांपूर्वी काढलेले लायसन, त्यावर आजवर एक ओरखडा नाही. सोलापूर रस्त्यावर साठची पाटी असलेल्या टप्प्यात त्यांची गाडी ताशी एकाहत्तर किलोमीटरने गेली आणि मोबाइलवर दोन हजारांचे चलान आले. मांजरीकरांना यातली गंमत वेगळी सांगायला नको. गावातून हमरस्त्यापर्यंत येताना वेगाचा प्रश्नच उद्भवत नाही. बाजारात निघालेले भाजीचे टेंपो, पाण्याचे टँकर, बांधकामाचे डंपर, आणि पूल होण्याआधीच्या काळात रेल्वेचे ते फाटक. मांजरीच्या माणसाने आयुष्याचा बराच भाग पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये काढलेला असतो. सोलापूर रस्त्याला लागले की समोर मोकळा डांबरी पट्टा दिसतो आणि उजवा पाय आपोआप खाली जातो.

गुरुजींनी यापैकी एकही सबब सांगितली नाही. “फोटो माझ्याच गाडीचा आहे. वेगही बरोबर असणार. पैसेही भरीन,” ते म्हणाले. “पण साहेब, चाळीस वर्षांत पहिल्यांदा झालंय, हे कुणीतरी एकदा बघावं की नाही?”

आम्ही दोघांनी मिळून ते ‘बघणारे कुणीतरी’ शोधायला सुरुवात केली. राज्याच्या वाहतूक पोलिसांच्या ई-चलानाच्या संकेतस्थळावर आणि ॲपवर तक्रार नोंदवण्याची सोय आहे. पण तक्रार म्हणजे चलान चुकीचे आहे अशी : गाडी माझी नाही, क्रमांक चुकला, मी त्या दिवशी तिथे नव्हतो. चलान अगदी बरोबर आहे, तरी एवढ्या वेळी समज देऊन सोडा, असे म्हणणाऱ्या माणसाची कल्पनाच त्या रचनेत केलेली दिसत नाही. नाकबूल करणाऱ्याला रकाना आहे, कबूल करणाऱ्याला फक्त पैसे भरायचे बटण. (जाता जाता बँकवाल्याच्या सवयीने एक सांगतो. चलानाच्या नावाने मोबाइलवर येणारी प्रत्येक लिंक खरी नसते. व्हॉट्सॲपवर ‘चलान बघा’ म्हणून एखादी फाइल आली तर ती उघडू नये. खाते रिकामे होईल. गाडीचा क्रमांक सरकारी संकेतस्थळावर स्वतः घालून पाहावा.)

पूर्वी हा रकाना रस्त्यावर उभा असे. त्याच्या तोंडात शिट्टी असे आणि हातात पावतीपुस्तक. “काका, कुठं आग लागलीय? लायसन बघू. शिक्षक आहात? मग पोरांना काय शिकवता? जावा, पुन्हा दिसलात तर पावती फाडीन.” हे ऐकून घेतलेला माणूस पुढचे सहा महिने त्या चौकात ब्रेकवर पाय ठेवूनच जाई. मात्र या आठवणीला सोन्याचा मुलामा द्यायचे कारण नाही. त्या दयेला पुष्कळदा भाव असे आणि तो चहापाण्यात मोजला जाई. कुणाचा मेहुणा नगरसेवक आहे यावरही बरेच अवलंबून असे. शिक्षकाला समज आणि टेंपोवाल्याला पावती, असा न्याय आपण सगळ्यांनी पाहिला आहे. कॅमेऱ्याला मेहुणे नसतात. मला तो यासाठी आवडतो.

कायद्यालाही माणसाच्या डोळ्यापेक्षा यंत्रावरच भरवसा अधिक होता. मोटार वाहन कायदा, १९८८ याचे कलम १८३ हे अतिवेगाचे. त्यात म्हटले आहे की एका साक्षीदाराला ‘वाटले’ एवढ्यावर अतिवेगासाठी कुणाला दोषी ठरवता येणार नाही. त्या वाटण्याला यांत्रिक किंवा विजेवर चालणाऱ्या उपकरणाचा आधार हवा. ही तरतूद नागरिकाच्या बाजूची आहे. त्याच कलमात पूर्वी पहिल्या गुन्ह्याला चारशे रुपयांपर्यंत आणि पुन्हा केल्यास हजार रुपयांपर्यंत दंड होता. म्हणजे पहिली वेळ आणि दुसरी वेळ यांतला फरक कायद्याने रुपयांत मोजून ठेवला होता. २०१९च्या दुरुस्तीने मोटारीसाठी किमान हजार आणि कमाल दोन हजार केले. दुसऱ्या वेळी लायसन जप्त करण्याची तरतूद आली, पण दंडाच्या रकमेतला पहिला-दुसरा हा भेद गेला. महाराष्ट्राने काही काळ हात आखडता घेतला आणि डिसेंबर २०२१पासून तडजोडीच्या नव्या रकमा लागू केल्या. चारचाकीला अतिवेगाचे दोन हजार झाले ते तेव्हापासून.

‘तडजोड’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. आपण मोबाइलवर भरतो तो काटेकोर अर्थाने न्यायालयाने केलेला दंड नसतो. कलम २०० प्रमाणे खटला न चालवता प्रकरण मिटवण्याची ती रक्कम असते. सरकारने दर ठरवून दिलेला, वसूल करणाऱ्या अधिकाऱ्याला त्यात पैशाची घासाघीस करता येत नाही. दया दाखवण्याचा अधिकार आहे तो न्यायदंडाधिकाऱ्याला, आणि तो बराच जुना आहे. १९५८च्या अपराधी परिवीक्षा कायद्याचे कलम ३ सांगते की आधी शिक्षा न झालेला माणूस छोट्या गुन्ह्यात दोषी ठरला, तर गुन्ह्याचे स्वरूप आणि त्या माणसाची चालचलणूक पाहून न्यायालय त्याला योग्य ती समज देऊन सोडू शकते. केवळ दंडाच्या शिक्षेचे गुन्हेही त्यात बसतात. अगदी गुरुजींच्या मनातलेच कलम! पण तिथवर पोचायचे तर पैसे भरायचे नाहीत, प्रकरण न्यायालयात जाण्याची वाट पाहायची, तारखेला जायचे, वकील केला तर त्याची फी द्यायची. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. शहाणा माणूस बटण दाबून मोकळा होतो. म्हणजे दयेची खोली आहे, तिला कुलूपही नाही, फक्त तिकडे जाणारा जिना महाग आहे.

त्याच मोटार कायद्याच्या कलम २०८मध्ये एक मजेदार जुनी सोय आहे. समन्स आलेल्या माणसाला न्यायालयाने सांगितलेली रक्कम मनिऑर्डरने पाठवून, मनिऑर्डरच्या कूपनवरच ‘गुन्हा कबूल’ असे लिहिता येते. कूपनावर चार ओळींची जागा असायची. त्या चार ओळींत लोकांनी कबुलीशिवाय आणखी काय काय लिहिले असेल, याचा कथालेखक म्हणून मला फार मोह आहे.

आता दुसरी बाजू, आणि ती मला पहिलीपेक्षा जड वाटते. अकरा किलोमीटर म्हणजे किरकोळ का? हिशेब गुरुजींनीच करून दाखवला, कारण त्यांचा विषय विज्ञान. साठवरून एकाहत्तर म्हणजे वेग अठरा टक्के जास्त. पण धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे ती चाळीस टक्के जास्त. जागतिक आरोग्य संघटना सांगते की वाहनांचा सरासरी वेग एक टक्क्याने वाढला तर प्राणघातक अपघाताचा धोका चार टक्क्यांनी वाढतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ साली देशात ४,६१,३१२ अपघात झाले आणि १,६८,४९१ माणसे मेली, त्यांतल्या ७१.२ टक्के मृत्यूंचे कारण अतिवेग असे नोंदले आहे. पंचनाम्यात दुसरे काही सुचले नाही की अतिवेग लिहितात, हे मलाही माहीत आहे. खराब रस्ता, नसलेला दुभाजक, बंद दिवा हे आरोपी पंचनाम्यात क्वचित सापडतात. तरी निम्मे खरे धरले, तरी आकडा झोप उडवणारा आहे. नवले पुलाचे नाव पुण्यात भीतीनेच घेतात. १३ नोव्हेंबर २०२५ रोजी तिथे एका कंटेनरने वाहने चिरडली आणि आठ जण गेले. त्यानंतर त्या उतारावरची वेगमर्यादा आणखी खाली आणली गेली. तिथून पहिले चलान आलेल्या माणसाने माफीचा अर्ज घेऊन माझ्याकडे येऊ नये. मी लिहून देणार नाही.

आणि पुण्यात दयेबद्दल बोलायचे तर कल्याणीनगर ओलांडून जाता येत नाही. मांजरीपासून ते काही फार लांब नाही. १९ मे २०२४च्या पहाटे एका आलिशान मोटारीने दुचाकीवरच्या दोन तरुण अभियंत्यांना उडवले. दोघेही जागीच गेले, आणि गाडी चालवणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलाला काही तासांत जामीन मिळाला. अटींपैकी एक अट अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची होती. ती ऐकून अख्खे शहर पेटले. बालन्याय मंडळाने तीन दिवसांत त्याला निरीक्षणगृहात पाठवले आणि जूनमध्ये उच्च न्यायालयाने सोडले; कायद्याची ती पुढची वाट वेगळी. मला इथे सांगायचे आहे ते लोकांच्या मनाबद्दल. त्या एका निबंधाने ‘सौम्य वागणूक’ हा शब्दच पुण्यात नासवून ठेवला. गुरुजी दबकत बोलत होते त्याचे हेच कारण असावे. आपण मागतो ती दया आणि त्या रात्रीची दया एकाच दुकानातली आहे, असे कुणी समजेल या भीतीने.

त्या एकाच दुकानातल्या नाहीत, आणि तरी आपली व्यवस्था नेमकी उलट्या जागी मऊ आहे. आमच्या गल्लीत एक उमदा तरुण आहे. पंधरा नंबरला गॅरेजमध्ये काम करतो. त्याच्या मोटारसायकलवर सतरा चलाने आहेत. तो माझ्याकडे अर्ज लिहायला कधी आला नाही. “काका, लोकअदालत येऊ द्या, तेव्हा बघू,” असे हसत सांगतो. त्याचे खोटे नाही. लोकअदालतीपुढे थकलेली चलाने ठेवली जातात आणि कधी कधी रक्कम बरीच कमीही होते. शेजारच्या राज्यांनी तर जाहीर सेल लावले. तेलंगणाने मार्च २०२२मध्ये दुचाकीवाल्यांना थकबाकीचा चौथा हिस्सा भरून मोकळे केले. कर्नाटकाने फेब्रुवारी २०२३मध्ये निम्म्यावर आणले, आणि पैसे भरायला रांगा लागल्या. तिजोरीच्या दृष्टीने ठीक. पण ही सवलत मिळाली कुणाला? ज्याने साठवले त्याला. तिसऱ्या दिवशी मुकाट्याने भरणाऱ्या गुरुजींसारख्याला तिचा उपयोग शून्य.

हे चित्र मी आयुष्यभर पाहिलेले आहे. बँकेत त्याला एकरकमी तडजोड म्हणत. १९९०ची दहा हजारांपर्यंतची कर्जमाफी आली तेव्हा मी एका ग्रामीण शाखेत होतो. यादी फळ्यावर लागली त्या दिवशी एक शेतकरी शांतपणे पुढे येऊन उभा राहिला. त्याने आदल्या वर्षी बायकोची बोरमाळ मोडून कर्ज फेडले होते. तो एवढेच म्हणाला, “साहेब, म्हंजे आमीच येडे.” मला त्या वाक्यावर आजवर उत्तर सुचलेले नाही. सरकारला मात्र उशिरा का होईना सुचले. २०१७च्या कर्जमाफीत नियमित फेडणाऱ्यांना थोडी रक्कम दिली गेली, आणि महात्मा जोतीराव फुले योजनेत ती पन्नास हजारांपर्यंत गेली. थकवणाऱ्याला सोडायचे तर न थकवणाऱ्यालाही काही द्यावे लागते, हे तत्त्व महाराष्ट्राने शेतीत मान्य केलेले आहे. ते रस्त्यावर आणायला काय हरकत आहे?

माझा भाचा मेलबर्नला असतो. त्याच्या बायकोला पहिल्यांदा वेगाचा दंड झाला, तेव्हा तिने लेखी विनंती केली. मर्यादेपेक्षा दहा किलोमीटरहून कमी जास्त वेग आणि मागच्या काही वर्षांत एकही गुन्हा नाही, अशा माणसाला त्या राज्यात दंडाऐवजी अधिकृत ताकीद मिळू शकते. तिला मिळाली. पत्र एका पानाचे होते, भाषा रुक्ष होती, आणि पुन्हा घडल्यास ही सवलत नाही असे त्यात स्पष्ट लिहिले होते. तिने ते फ्रिजवर चिकटवून ठेवले आहे. ब्रिटनमध्ये माफी नाही, पण थोड्या अतिवेगाला दंड आणि लायसनवरचे गुण टाळून एका वर्गाला बसता येते. फी स्वतः भरायची, आणि तीन वर्षांत पुन्हा सापडलात तर वर्ग नाही. फिनलंडची तऱ्हा आणखी निराळी; तिथे मोठ्या अतिवेगाचा दंड उत्पन्नाच्या प्रमाणात असतो. २०२३मध्ये एका धनाढ्य गृहस्थाला पन्नासच्या टप्प्यात ब्याऐंशीने गेल्याबद्दल एक लाख एकवीस हजार युरो भरावे लागले. आपल्याकडे हे परके वाटायला नको. मराठेशाहीत दंडाला ‘गुन्हेगारी’ म्हणत आणि ती लावताना माणसाची ऐपत पाहिली जाई. आज दोन हजार रुपये म्हणजे मांजरीच्या बाजारात भाजी घेऊन येणाऱ्या पिकअपवाल्याची त्या दिवसाची सगळी कमाई आणि कुणासाठी संध्याकाळचे जेवण. यंत्र दोघांना समान वागवते, असे आपण म्हणतो खरे.

म्हणून माझे मागणे फार मोठे नाही. वेग थोडाच जास्त असेल, शाळा-दवाखान्याचा किंवा अपघातप्रवण टप्पा नसेल, मागली पाच वर्षे कोरी असतील, तर पहिल्या वेळी दंडाऐवजी लेखी समज जावी. ती नोंदली जावी आणि आयुष्यात पुन्हा मिळू नये. त्याला हवालदाराची मर्जी नको आणि नगरसेवकाचा फोन नको. ज्या यंत्राने वेग मोजला त्याच्याच पोटात आधीची नोंद आहे. बदल्यात लोकअदालतीतली सूट सतराव्या चलानाला मिळू नये. राज्याच्या महसुलाला याने खिंडार पडेल असे मला वाटत नाही. आणि पडले तरी दंडाची रक्कम अंदाजपत्रकात जमा म्हणून धरणे हेच मुळात चमत्कारिक आहे. उद्या सगळे शिस्तीने चालवू लागले तर वित्त खाते रडेल काय?

यातली एक अडचण खरी आहे, आणि ती मला गुरुजींनीच दाखवली. चलान लायसनवर येत नाही, गाडीच्या क्रमांकावर येते. कॅमेऱ्याला नंबरपाटी दिसते, चालवणारा कोण ते कळत नाही. मग पाच वर्षे कोरी कुणाची, गाडीची की माणसाची? घरात तीन गाड्या असलेल्याला तीन पहिल्या चुका मिळणार, आणि एका गाडीवर पोट असलेल्या तीन भावांत मिळून एक. समज द्यायची तर गाडी कोण चालवत होते ते मालकाने लिहून देणे आले, आणि ते लायसनला जोडणे आले. हे न होण्यासारखे नाही. चालकाची माहिती देण्याचे बंधन कायद्याने मालकावर आजही आहे. पण ते काम आहे, आणि कुणीतरी ते अंगावर घ्यावे लागेल. गुरुजींनी अर्जात शेवटून दुसरी ओळ म्हणून ‘या वाहनावर आजपावेतो एकही चलान नाही’ असे मी लिहिले, तेव्हा त्यांनी पेन काढून घेतले आणि खाली स्वतःच्या वळणदार अक्षरात भर घातली : ‘शनिवार-रविवारी सदर वाहन माझा मुलगा चालवतो. त्या दिवशी बुधवार होता आणि मी चालवत होतो.’